जाहीर करण्याची इंग्रजी क्रियापदे: कोणते कुठे बसते आणि का

८ सप्टेंबर २०२२ च्या संध्याकाळी राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या निधनाचे वृत्त बकिंगहॅम राजवाड्याने दिले, तेव्हा इंग्रजी बातम्यांत त्यासाठी ‘अनाउन्स’ हे क्रियापद आले. दोन दिवसांनी लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यात अ‍ॅक्सेशन कौन्सिलची, म्हणजे नव्या राजाच्या राज्यारोहणासाठी जमणाऱ्या मंडळाची, बैठक भरली आणि तिथे चार्ल्स तिसरे यांना राजा म्हणून ‘प्रोक्लेम’ करण्यात आले. त्याच बैठकीच्या दुसऱ्या भागात राजाने स्वतः जे निवेदन केले त्याला ‘डिक्लरेशन’ म्हटले गेले. त्यानंतर राजवाड्याच्या सज्जातून गार्टर किंग ऑफ आर्म्स या दरबारी अधिकाऱ्याने जो मजकूर वाचून दाखवला, त्यात तर ‘पब्लिश अँड प्रोक्लेम’ अशी क्रियापदांची जोडीच होती. मराठीत या चारही ठिकाणी ‘जाहीर केले’ किंवा ‘घोषणा केली’ एवढ्यावर काम भागते. इंग्रजीत मात्र यांतले एक क्रियापद उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवले, तर वाक्य एक तर विचित्र वाटते किंवा वेगळेच काही सांगू लागते. नवा राजा नुसता ‘अनाउन्स’ केला असता, तर तो एखाद्या कंपनीने नेमलेला अधिकारी वाटला असता.

शब्दकोशात ही क्रियापदे एकमेकांची समानार्थी म्हणून शेजारीशेजारी दिलेली असतात आणि शिकणाऱ्याचा घोळ बहुधा तिथूनच सुरू होतो. मराठीत बोलणाऱ्याचा अधिकार, गोष्टीची गुप्तता, ऐकणाऱ्यांची संख्या हे सारे वाक्यातल्या इतर शब्दांवर सोपवता येते. इंग्रजीने ते क्रियापदातच भरून ठेवले आहे. त्यातही एक प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो असा की गोष्ट आधी होती आणि बोलणे नंतर आले, की बोलण्यामुळेच ती गोष्ट झाली? हा प्रश्न मनात ठेवला की निम्मी क्रियापदे आपोआप वेगळी होतात.

‘अनाउन्स’ हे या सर्वांत साधे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘नुन्टियस’ म्हणजे निरोप्या आहे, आणि आजही हे क्रियापद निरोप्याचेच काम करते. निर्णय आधी कुठेतरी झालेला असतो किंवा घटना घडून गेलेली असते. ‘अनाउन्स’ करणारा ती फक्त लोकांपर्यंत पोहोचवतो. स्थानकावर गाडी उशिरा येत असल्याचे सांगणाऱ्याने तोंड उघडले नाही, तरी गाडी उशिराच येणार असते. या क्रियापदाला अधिकारापेक्षा श्रोत्यांची आणि थोड्या औपचारिकतेची गरज असते, म्हणूनच घरातल्या घरात कुणी ‘आता मी झोपणार’ असे ‘अनाउन्स’ केले असे इंग्रजी लेखक लिहितो, तेव्हा तो त्या माणसाची हलकी थट्टा करत असतो.

‘डिक्लेअर’ची जात वेगळी. लॅटिन ‘क्लारुस’ म्हणजे स्वच्छ, स्पष्ट. त्यावरून आलेल्या या क्रियापदाचा एक अर्थ ठामपणे आणि उघडपणे सांगणे हा आहे, पण त्याचा खरा जोर दुसऱ्या अर्थात आहे. तो अर्थ असा की योग्य अधिकाराच्या व्यक्तीने योग्य वेळी हे शब्द उच्चारले की जगातली स्थिती बदलते. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत अशा उच्चारांकडे लक्ष वेधले, ज्यांत बोलणे हीच कृती असते. क्रिकेटमध्ये कर्णधार डाव ‘डिक्लेअर’ करतो तेव्हा तो डाव संपल्याची बातमी देत नसतो. त्याच्या सांगण्यानेच डाव संपतो. तेच वाक्य समालोचकाने माइकवर कितीही वेळा म्हटले, तरी फलंदाज खेळपट्टी सोडणार नाहीत. समालोचक ‘अनाउन्स’ करू शकतो, ‘डिक्लेअर’ करू शकत नाही.

युद्धाच्या बाबतीत हा फरक राज्यघटनेत लिहिलेला सापडतो. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील आठव्या कलमाने युद्ध ‘डिक्लेअर’ करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला आहे, राष्ट्राध्यक्षाला नाही. त्यामुळे पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ रोजी, फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे जे भाषण झाले त्यात त्यांनी युद्ध ‘डिक्लेअर’ केले नाही. काँग्रेसने ते करावे अशी विनंती केली. त्यातही बारकावा असा की, हल्ल्याच्या क्षणापासून युद्धस्थिती अस्तित्वात आलेलीच आहे असे काँग्रेसने ‘डिक्लेअर’ करावे, अशी त्या विनंतीची रचना होती, म्हणजे आधीच घडलेल्या गोष्टीवर अधिकृत शिक्का उमटवण्याचा अर्थही या क्रियापदात सामावतो. त्याआधी दोन वर्षे, ३ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने जर्मनीला दिलेली मुदत सकाळी अकरा वाजता संपली आणि सव्वाअकराला पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी देश युद्धात असल्याचे रेडिओवरून सांगितले. चेंबरलेन यांनी रेडिओवर युद्ध ‘डिक्लेअर’ केले असे सर्रास लिहिले जाते. काटेकोरपणे पाहिले तर श्रोत्यांना ते सांगितले जाईपर्यंत युद्ध सुरू झालेले होते, आणि त्या भाषणासाठी ‘अनाउन्स’च योग्य आहे.

निवडणुकीच्या रात्री ही सगळी क्रियापदे एका जागी पाहायला मिळतात. ब्रिटनमध्ये मतमोजणी संपल्यावर रिटर्निंग ऑफिसर व्यासपीठावर येऊन उमेदवारांची मते वाचतो आणि अमुक उमेदवार रीतसर निवडून आल्याचे ‘डिक्लेअर’ करतो. दूरचित्रवाणीवाल्यांनी तोवर अंदाज सांगून झालेला असतो, पण त्यांच्यासाठी इंग्रजीने वेगळी क्रियापदे राखून ठेवली आहेत. अमेरिकेत वाहिन्या एखादे राज्य कुणाच्या पारड्यात पडले हे ‘कॉल’ करतात, आणि अधिकृत निकाल राज्याचे अधिकारी नंतर ‘सर्टिफाय’ करतात. ७ नोव्हेंबर २००० च्या रात्री वाहिन्यांनी फ्लोरिडा आधी अल गोर यांच्या नावे ‘कॉल’ केले, मग ते मागे घेतले, पहाटे जॉर्ज बुश यांच्या नावे ‘कॉल’ केले आणि तेही मागे घेतले. ‘कॉल’ असे मागे घेता येते, कारण तो अंदाजच असतो.

‘प्रोनाउन्स’ हे ‘डिक्लेअर’चे जवळचे भावंड आहे आणि त्याचा वावर ठरावीक जागी असतो: न्यायाधीश शिक्षा ‘प्रोनाउन्स’ करतो, धर्मगुरू वधूवरांना पती-पत्नी म्हणून ‘प्रोनाउन्स’ करतो. डॉक्टर रुग्णाला तपासून मृत ‘प्रोनाउन्स’ करतो, तर वर्षानुवर्षे बेपत्ता असलेल्या माणसाला न्यायालय बहुधा मृत ‘डिक्लेअर’ करते. पहिल्यात देह समोर असतो, दुसऱ्यात फक्त कागद.

‘प्रोक्लेम’मध्ये आवाज आहे. लॅटिन ‘क्लामारे’ म्हणजे ओरडणे, आणि छापखाना नव्हता किंवा वाचणारे थोडे होते तेव्हा राजाज्ञा खरोखरच चौकात ओरडून सांगितली जाई. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कामकाजाच्या प्रारंभी मार्शल आजही ‘ओयेझ, ओयेझ, ओयेझ’ असे पुकारतो; ‘ऐका हो’ अशा अर्थाचा हा जुना फ्रेंच शब्द त्याच काळाचा उरलेला अवशेष आहे. हा आवाज असल्यामुळे ‘प्रोक्लेम’ला सोहळा लागतो, जनता लागते, पण त्यातून नवी स्थिती निर्माण होतेच असे नाही. चार्ल्स तिसरे हे आईच्या निधनाच्या क्षणीच राजे झाले होते, दोन दिवसांनंतरच्या सज्जातल्या वाचनाने नव्हे. त्या मजकुराचे म्हणणेही नीट ऐकले तर तसेच आहे: राणीच्या निधनामुळे हे आमचे राजे झालेले आहेत, असे आम्ही ‘पब्लिश अँड प्रोक्लेम’ करतो.

या जोडीशेजारी दुसरी एक जोडी ठेवून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या शेवटच्या परिच्छेदात ‘पब्लिश अँड डिक्लेअर’ असे शब्द आहेत. दोन्ही मजकुरांत ‘पब्लिश’ समान आहे, कारण दोन्ही मजकूर लोकांसमोर ठेवायचे होते. फरक दुसऱ्या क्रियापदात आहे. राजाचे राजेपण वारशाने आधीच सिद्ध होते, ते फक्त गर्जून सांगायचे होते. वसाहतींचे स्वातंत्र्य मात्र कुणी त्यांना दिलेले नव्हते. आम्ही स्वतंत्र आहोत असे म्हणण्यातच त्याचा पाया होता, म्हणून तिथे ‘डिक्लेअर’ आले. २ जुलैला स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला, ४ जुलैला जाहीरनाम्याचा मजकूर स्वीकारला गेला आणि ८ जुलैला फिलाडेल्फियात तो लोकांसमोर प्रथम वाचला गेला. ठरवणे, शब्दांत मांडणे आणि ऐकवणे या तीन पायऱ्या इथे तारखांनिशी वेगळ्या दिसतात.

गुलामगिरीतून मुक्तीचा अब्राहम लिंकन यांचा १ जानेवारी १८६३ चा आदेश याहून बोलका आहे. त्याचे नाव ‘प्रोक्लमेशन’, पण गुलामांना ज्या वाक्याने मुक्त केले त्या वाक्यातली क्रियापदे पाहिली तर ती ‘ऑर्डर अँड डिक्लेअर’ अशी आहेत. दवंडीचे नाव एक आणि तिच्या पोटातले काम करणारे क्रियापद दुसरे, हे मसुदा लिहिणाऱ्यांच्या कानाला किती नेमके कळत होते याचा हा पुरावा आहे.

‘प्रोक्लेम’चा आवाज रोजच्या लिखाणात मात्र संशय उत्पन्न करतो. एखाद्याने आपले निर्दोषत्व ‘प्रोक्लेम’ केले असे लिहिले, की तो जरा जास्तच जोरात बोलत असल्याची छटा येते. आणि ‘सेल्फ-प्रोक्लेम्ड’ तज्ज्ञ म्हणजे स्वयंघोषित तज्ज्ञ, ज्याला बाकी कुणी तज्ज्ञ म्हणत नाही.

आता ‘पब्लिश’. आपल्याला या शब्दाने पुस्तक आठवते, पण त्याचा मूळ अर्थ लोकांच्या पुढ्यात ठेवणे एवढाच आहे. चर्चमध्ये विवाहापूर्वी नियोजित वधूवरांची नावे वाचून दाखवण्याची आणि कुणाची हरकत आहे का हे विचारण्याची जी प्रथा आहे, तिलाही इंग्रजीत ‘पब्लिश’च म्हणतात, मग कागदावर एक अक्षरही छापलेले नसो. बदनामीच्या कायद्यात तर हा अर्थ फारच रुंद होतो: बदनामीकारक मजकूर ज्याच्याविषयी आहे त्याच्याशिवाय आणखी एका व्यक्तीपर्यंत जरी पोहोचला, तरी तो ‘पब्लिश’ झाला असे मानले जाते. एका माणसाला पाठवलेले पत्रसुद्धा त्यात बसते, आणि हे ठाऊक नसलेला माणूस ‘मी कुठे काही प्रसिद्ध केले?’ असे म्हणून अडचणीत येऊ शकतो.

सांगणे आणि वाचता येईल असे समोर ठेवणे यांतला फरक किती जुना आहे, हे रोमच्या एका हकिकतीवरून कळते. सम्राट कॅलिग्युला याने नवे कर लादले, पण ते लेखी स्वरूपात लोकांसमोर मांडले नाहीत, त्यामुळे अजाणता नियम मोडणाऱ्यांची संख्या वाढली. शेवटी लोकांनी मागणी केल्यावर त्याने तो कायदा लिहून टांगला खरा, पण इतक्या बारीक अक्षरांत आणि इतक्या अरुंद जागी, की कुणाला त्याची नक्कल करून घेता येऊ नये. इतिहासकार सुएटोनियस याने हे नोंदवले आहे. आजच्या इंग्रजीत सांगायचे तर कर ‘प्रोक्लेम’ झाले होते, ‘पब्लिश’ झाले नव्हते. आणि झाले तेही नावापुरते.

‘प्रॉमल्गेट’ याच परिसरातला जडजंबाल शब्द. कायदा, नियम, धर्माज्ञा किंवा सिद्धान्त यांच्याशिवाय तो शोभत नाही. रोममध्ये इ. स. पू. ९८ च्या एका कायद्याने असे बंधन घातले होते, की प्रस्तावित कायदा लोकांसमोर मांडल्यापासून मतदानापर्यंत ठरावीक काळ गेला पाहिजे, आणि तो काळ बाजाराच्या दिवसांवरून मोजत. आधी मांडण्याची ही क्रिया म्हणजे मूळचे ‘प्रॉमल्गेशन’. आता अर्थ उलटा सरकून कायदा झाल्यानंतर तो अंमलात आणण्यासाठी अधिकृतपणे घोषित करणे असा झाला आहे. फ्रान्सच्या १९५८ च्या राज्यघटनेच्या दहाव्या अनुच्छेदानुसार मंजूर झालेला कायदा सरकारकडे आल्यापासून १५ दिवसांच्या आत राष्ट्राध्यक्ष तो ‘प्रॉमल्गेट’ करतात, आणि त्यानंतर तो राजपत्रात ‘पब्लिश’ होतो. सहकाऱ्यांना सहलीची वेळ कळवण्यासाठी ‘प्रॉमल्गेट’ वापरणाऱ्याला मात्र विनोद करायचा आहे की भारदस्त दिसायचे आहे, हे कळत नाही.

‘ब्रॉडकास्ट’ शेतातून आले. ओळीत न पेरता मूठभर बी हाताने चौफेर फेकण्याच्या पद्धतीसाठी ते वापरत, आणि विसाव्या शतकात रेडिओवाल्यांनी ते उचलले. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी १९२२ मध्ये स्थापन झाली. बी कुठे पडेल यावर फेकणाऱ्याचा ताबा नसतो, हा मूळ अर्थ अजून जिवंत आहे, म्हणून ‘हे ब्रॉडकास्ट करू नकोस’ म्हणजे गावभर करू नकोस.

इथपर्यंतच्या क्रियापदांत गुप्ततेचा प्रश्न नव्हता. ‘रिव्हील’, ‘डिस्क्लोज’, ‘डिव्हल्ज’ आणि ‘अनव्हेल’ यांच्यात तोच मुख्य आहे: गोष्ट झाकलेली होती आणि आता उघडी झाली. ‘रिव्हील’मध्ये लॅटिनचा बुरखा आहे, ‘अनव्हेल’मध्ये तोच बुरखा इंग्रजी रूपात आहे, आणि ‘डिस्क्लोज’ म्हणजे बंद असलेले उघडणे. तरीही यांची कामे वाटलेली आहेत. ‘डिस्क्लोज’ला कर्तव्याचा वास येतो: उमेदवार संपत्ती ‘डिस्क्लोज’ करतो, कंपनी तोटा ‘डिस्क्लोज’ करते, बहुतेक वेळा नियम सांगतो म्हणून. अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने ऑक्टोबर २००० पासून लागू केलेल्या नियमाच्या नावातच ‘फेअर डिस्क्लोजर’ आहे; भावावर परिणाम करणारी माहिती कंपनीने निवडक विश्लेषकांना आधी आणि इतरांना मागाहून सांगू नये, हा त्याचा गाभा. ‘डिव्हल्ज’ माणसेच करतात, आणि बऱ्याचदा ते नकारातच येते: त्याने नाव ‘डिव्हल्ज’ करण्यास नकार दिला. ‘अनव्हेल’ पुतळ्यांचे होते. अलीकडे फोन, मोटारी आणि अर्थसंकल्प यांचेही होऊ लागले आहे, आणि प्रत्येक नव्या वस्तूवर असा पडदा टाकून तो ओढण्याची जाहिरातदारांची हौस शब्दाला झिजवते आहे.

‘रिव्हील’बद्दल वाचकाने जागे राहावे असे एक कारण आहे. ‘त्याने पैसे घेतल्याचे तिने रिव्हील केले’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य लिहिणारा पत्रकार त्याने पैसे घेतले हे स्वतः मान्य करून टाकतो, कारण जे खरे नाही ते उघड होऊ शकत नाही. ‘डिक्लेअर’ किंवा ‘क्लेम’ वापरले तर ती जबाबदारी तिच्यावरच राहते. म्हणून आरोपाच्या बातमीत सावध संपादक ‘रिव्हील’ खोडून ‘से’ लिहितो. ‘से’ बेचव आहे हे खरे, पण ते कुणाची बाजू घेत नाही.

मुद्दाम आणि अनवधानाने यांतला भेदही क्रियापदच सांगते. ‘लीक’ कुणीतरी हेतूने केलेले असते, पण नाव पुढे येऊ न देता. ‘लेट स्लिप’ बोलण्याच्या ओघात निसटते. ‘ब्लर्ट आउट’ दबावाखाली किंवा उतावीळपणे तोंडातून बाहेर पडते. ‘रिलीज’मध्ये माहिती तयार होती आणि मुद्दाम रोखून धरली होती, हे गृहीत असते. अमेरिकेतील रोजगाराची मासिक आकडेवारी वॉशिंग्टनच्या वेळेनुसार सकाळी साडेआठला ‘रिलीज’ होते आणि त्या मिनिटापर्यंत ती कुलूपबंद असते, कारण ती आधी हाती आलेल्या माणसाला बाजारात अनुचित फायदा मिळेल. ‘इश्यू’ला असे रोखून धरणे लागत नाही, तिथे कार्यालयाचा शिक्का महत्त्वाचा: निवेदन, इशारा, वॉरंट, पासपोर्ट.

‘हेरल्ड’चा वापर फसवा आहे. मध्ययुगात राजाचा निरोप घेऊन जाणारा भालदार म्हणजे हेरल्ड, पण क्रियापद म्हणून आज त्याचा कर्ता बहुधा माणूस नसतो. ढग पावसाला ‘हेरल्ड’ करतात, एखादा शोध नव्या काळाला. मुख्याध्यापकाने निकाल ‘हेरल्ड’ केला असे लिहू नये.

शेवटी व्याकरण, कारण अर्थ नेमका कळूनही वाक्य इथेच अडखळते. मराठीत ‘च्याबद्दल जाहीर केले’ म्हणता येते, त्या सवयीने ‘अनाउन्स अबाउट’, ‘डिस्क्लोज अबाउट’ असे लिहिले जाते. ही क्रियापदे ‘अबाउट’शिवाय थेट कर्म घेतात. ‘डिक्लेअर’नंतर ‘अ‍ॅज’ची गरज नसते: तिला विजेती ‘डिक्लेअर’ केले, एवढेच पुरे. ‘अनाउन्स’, ‘डिक्लेअर’, ‘रिव्हील’, ‘डिस्क्लोज’ यांचे कर्म म्हणजे सांगितलेली गोष्ट, आणि ऐकणारा ‘टू’ लावून मागाहून येतो. ‘इन्फॉर्म’चे कर्म म्हणजे ऐकणारा माणूस, आणि गोष्ट ‘ऑफ’ किंवा ‘दॅट’ लावून मागाहून येते. ‘नोटिफाय’ही आज बहुतेक ठिकाणी याच वाटेने जाते. कार्यालयीन पत्रांत ‘द डिसिजन वॉज इन्फॉर्म्ड टू ऑल मेंबर्स’ अशी जी वाक्ये दिसतात, ती या अदलाबदलीतून जन्मतात. निर्णय ‘इन्फॉर्म’ होत नाही, सदस्य होतात. निर्णयाला वाक्याच्या सुरुवातीलाच ठेवायचे असेल तर क्रियापद बदलून ‘अनाउन्स’ किंवा ‘कम्युनिकेट’ घ्यावे, मग तेच ‘टू’ बिनचूक बसते.